पुणे ते कोलकाता विमानाचं अंतर नक्की किती, आणि विट्यातनं निघून पोचायला किती वेळ धरायचा?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. आमचा थोरला भाऊ कोलकात्यात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात हाय, बडाबाजारात. आपल्या खानापूर आटपाडी भागात घरटी कुणी ना कुणी गलाईला बाहेर असतंयच, त्यामुळं इथं माहितगार भेटतील म्हणून विचारतोय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुतण्याचं बारसं हाय आणि आईला घेऊन जायचंय. आतापर्यंत आम्ही पुण्यातनं आझाद हिंद एक्सप्रेसनं जायचो पण दोन हजार किलोमीटर आणि तीस तासाच्या वरचा प्रवास आता तिच्या गुडघ्याला झेपत न्हाय, म्हणून विमान. आईचं हे पहिलंच विमान.

आता गोंधळ असा की नेटवर अंतर बघायला गेलो तर एका साइटवर १५८०, दुसरीवर ९८०, तिसरीवर ८५० च्या आसपास दाखवतंय. वेळ कुठं १ तास ५५ मिनिटं, कुठं सव्वादोन, आणि तिकीट बघितलं तर पावणेतीन तास लिहिलंय. परतीचं तिकीट त्याहून पंधरा-वीस मिनिटं जास्तीचं दाखवतंय. अंतर तेच, विमान तेच, मग येताना जास्त वेळ का? आणि मुख्य म्हणजे विट्यातनं घरातनं निघून भावाच्या दारात पोचेपर्यंत एकूण किती तास धरायचे? पुण्यातनं जावं का कोल्हापुरातनं हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

धावपट्टी_२८
तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मापं वेगळी. १५८० हे किलोमीटर, ९८० हे मैल आणि ८५० हे नॉटिकल मैल. विमानवाले सगळा हिशेब नॉटिकल मैलात करतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तेव्हा लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते दमदम (कोलकात्याचा विमानतळ) १५८० किमी हे डोक्यात पक्कं ठेवा, पण हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमधलं सगळ्यात जवळचं, म्हणजे ग्लोबवर दोरा ताणून मोजल्यासारखं. विमान नेमकं त्याच रेषेवर उडत नाही, त्याला ठरवून दिलेले हवाई मार्ग असतात, एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जायचं, मध्ये कंट्रोलरने वळवलं तर वळायचं, म्हणून प्रत्यक्ष उड्डाण थोडं जास्तच भरतं.

आता वेळेचं बघू. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ विमान पुरेसं उंचावर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास जातं. १५८० भागिले ८३० केलं की १ तास ५४ मिनिटं येतात, तुमच्या पहिल्या साइटने एवढंच केलंय, नुसता भागाकार. पण विमान चढताना आणि उतरताना त्या वेगाने जात नाही. जमिनीपासून ३५ हजार फुटांवर जायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि उतरायला त्याहून थोडी जास्त. या कमी वेगामुळे वाढणारी पंधरा-वीस मिनिटं धरा म्हणजे दुसऱ्या साइटचे सव्वादोन तास झाले. तिकिटावरची वेळ मात्र वेगळीच असते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे पुण्यात विमान उभ्या जागेवरून हललं तिथून ते कोलकात्यात जागेवर थांबून चाकाला ठोकळे लागले तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, पुढे विमानं असली तर रांग आली, उतरल्यावर पार्किंगपर्यंत जाणं आलं, वर कंपनी थोडी जास्तीची मिनिटंही धरून ठेवते. म्हणून पावणेतीन. प्रत्यक्षात बऱ्याचदा विमान दहा-पंधरा मिनिटं आधीच पोचतं ते यामुळेच.

त्यातही धावपट्टीची दिशा कुणी लक्षात घेत नाही. पुण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तिला १०/२८ म्हणतात, म्हणजे होकायंत्रावर १०० अंश आणि २८० अंश. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण करतं. पश्चिमेचा वारा असला की आधी पश्चिमेकडे उडणार आणि मग पूर्ण वळून कोलकात्याकडे, आणि पूर्वेचा असला की सुटल्या सुटल्या जवळपास सरळ मार्गाला. कोलकात्याच्या दोन्ही धावपट्ट्या मात्र दक्षिणोत्तर आहेत. तुम्ही येणार पश्चिमेकडून, म्हणजे काहीही झालं तरी शेवटी काटकोनात वळायलाच लागतं, आणि वारा दक्षिणेचा असला तर उत्तरेला जाऊन तिकडून उतरायचं. वीस-तीस किलोमीटर यातच वाढतात.

परतीला जास्त वेळ का, तर वारा. हिवाळ्यात आपल्या देशावर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांचा मुख्य पट्टा उत्तर भारतावर असतो पण पुणे-नागपूर-कोलकाता या भागावरही डिसेंबर ते मार्च चांगला जोर असतो. कृष्णेत पोहणाऱ्याला सांगायला नको, धारेबरोबर आणि धारेविरुद्ध हात तेवढेच मारले तरी काठ सारखा मागं जात नाही. आकड्यात बघा. समजा वारा ताशी १०० किमी आहे. जाताना पाठीवर, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग ९३०, वेळ १ तास ४२ मिनिटं. येताना तोंडावर, वेग ७३०, वेळ २ तास १० मिनिटं. अठ्ठावीस मिनिटांचा फरक नुसत्या वाऱ्यामुळे पडला, आणि विमानाच्या स्वतःच्या वेगात काहीच बदल नाही. पावसाळ्यात चित्र उलटं व्हायला लागतं, दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून वारे येतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हा फरक कमी होतो किंवा कधी येतानाच लवकर होतं. तुम्ही डिसेंबरात चाललाय म्हणून तुम्हाला फरक ठळक दिसतोय.

खानापूरकर
दादा इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं, भागाकार आणि ब्लॉक टाइम एकदम डोक्यात बसलं. आता गाडीचं कुणी सांगा. आमच्याकडं चारचाकी हाय, चुलतभाऊ सोडायला येणार हाय.

कऱ्हाडचा_माणूस
पावणं, विमानाचं काय न्हाय हो, ते पावणेतीन तासात पोचतंयच. तुमचा खरा प्रवास विटा ते लोहगाव आहे, त्याचाच नीट हिशेब करा. अंतर कडेगाव-कऱ्हाड-सातारा करून सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. विटा ते कऱ्हाड गुहागर-विजापूर हायवे, तसा चांगला हाय, पण डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा सीझन. रात्री आणि पहाटे उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाइट नसतो का रिफ्लेक्टर नसतो, एकामागं एक चार-पाच लागल्या की ओव्हरटेक करायला जागा मिळत न्हाय. घाई करू नका तिथं, आई गाडीत आहे. पंचेचाळीस किलोमीटरला सव्वा तास खुशाल धरा.

कऱ्हाडपासून पुढं पुणे-बेंगलोर हायवे, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे तीन टोल नाके, फास्टॅगात पैसे आहेत का आदल्या दिवशी बघा. रुंदीकरणाची कामं चालू असतात तिथं वळवलेला रस्ता असतो. खंबाटकी घाटात एखादा कंटेनर बंद पडला की सगळं ठप्प, आणि नाताळाच्या आठवड्यात तर पुण्या-मुंबईची माणसं महाबळेश्वर पाचगणीला, कोकणात, गोव्याला निघालेली असतात. बरं ती गर्दी सकाळी पुण्यातनं बाहेर पडणारी, तुमच्या समोरनं येणारी, त्यामुळं जाताना तुमची बाजू त्यातल्या त्यात मोकळी मिळंल. येताना मात्र रविवार संध्याकाळ टाळा.

पुण्यात शिरताना नवले पूल आणि कात्रज हा भाग सकाळी साडेआठ ते अकरा अजिबात हलत न्हाय. लोहगाव शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. माझ्या मते विट्यातनं पहाटे साडेतीनला निघून आठच्या आत कात्रज ओलांडा, नाहीतर मग दुसरा रस्ता घ्या, मायणी-दहिवडी-फलटण-लोणंद-जेजुरी-सासवड करून हडपसरला निघायचं. हा रस्ता शहराच्या पूर्वेला काढतो आणि लोहगाव तिथनं जवळ पडतं, कात्रज-स्वारगेट लागतच न्हाय. दिवे घाटात काम चालू असलं तर तेवढी चौकशी करून घ्या. आमच्या सातारकरांना हायवेच बरा पण विट्याच्या माणसानं फलटणचा रस्ता एकदा विचारात घ्यावाच.

दोन्ही रस्त्यांना साडेचार तास, आणि एक तास हातचा. दोन तास आधी विमानतळावर. म्हणजे विमान सुटायच्या साडेसात तास आधी घर सोडायचं. लोकांना हे जास्त वाटतं, पण देशातल्या विमानाला बॅगा घ्यायचा काउंटर सुटायच्या साधारण एक तास आधी बंद होतो आणि बंद झाला म्हणजे झाला, तिथं रडून भागत न्हाय.

मिरजमेल
ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी पण लिहून ठेवतो, पुढं कुणीतरी हा धागा वाचंल. विटा आगारातनं स्वारगेटला एसटी आहेत. स्वारगेटला आता जमिनीखालचं मेट्रो स्टेशन आहे, सप्टेंबर २०२४ ला चालू झालं. तिथून मेट्रोनं सिव्हिल कोर्ट, तिथं गाडी बदलून रामवाडीच्या बाजूला, आणि रामवाडीतनं रिक्षा केली की विमानतळ जवळच. ट्रॅफिकचा भरवसा नसतो तेव्हा हे फार सोयीचं पडतं. मात्र मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, रात्री अकरानंतर नसते, त्यामुळं पहाटेच्या विमानाला उपयोग नाही. आणि गुडघेदुखीच्या माणसाला जड बॅगा घेऊन हे नको, गाडीच बरी.

उजळाईवाडी
कोल्हापूरचं कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो. कोल्हापूर-हैदराबाद आणि तिथून कोलकाता असा मार्ग निघतो. अंतराचं गणित बघून तुम्हाला आश्चर्य वाटंल. कोल्हापूर ते हैदराबाद साधारण ४४५ किमी, हैदराबाद ते कोलकाता १२०० च्या थोडं वर, बेरीज साडेसोळाशे. आणि कोल्हापूर ते कोलकाता सरळ रेषेत सव्वासोळाशे. म्हणजे हैदराबाद जवळजवळ वाटेवरच आहे, आडवाट फक्त पंचवीस-तीस किलोमीटरची.

वेळ मात्र अंतरासारखा वागत नाही. कोल्हापूर हैदराबादला बहुतेक एटीआर असतं, पंख्याचं विमान, ते ताशी ५०० च्या आसपास जातं, जेटपेक्षा बरंच हळू आणि खालून उडतं, त्याला सव्वा तास. पुढं हैदराबाद कोलकाता दोन तास. मधला थांबा दोन तासांचा असंल तर सव्वापाच, पाच तासांचा असंल तर सव्वाआठ. सगळा खेळ मधल्या थांब्यावर. पण विट्यातनं उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, दोन-सव्वादोन तासांत, घाट नाही, मोठं शहर ओलांडायचं नाही, विमानतळ आटोपशीर, आईला चालायला कमी. थांबा दोन-अडीच तासांचा मिळाला तर घर ते घर वेळ पुण्याएवढाच पडतो आणि गाडीतलं बसणं निम्म्यावर येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीतले पाच तास जास्त त्रासाचे का विमानतळावरच्या खुर्चीतले दोन तास, ते तुम्ही आईला विचारून ठरवा.

फक्त एक काळजी घ्या, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली आणि पहिलं उशिरा गेलं तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कुणी घेत नाही. आणि कोल्हापूरची वेळापत्रकं सीझनप्रमाणं बदलतात, रोजचं विमान आहे का आठवड्यातनं काही दिवसच आहे हे तारीख टाकूनच बघा.

सांगलीजवळ कवलापूरला धावपट्टी असूनही सांगली जिल्ह्याच्या माणसाला पुणं नाहीतर कोल्हापूर गाठायला लागतं याचं मनापासून वाईट वाटतं. गलाईवाले, द्राक्षवाले, बेदाण्याचे व्यापारी, मिरजेला दवाखान्यात येणारे पेशंट, इतकी माणसं आहेत. हा विषय वेगळा आहे पण बोलल्याशिवाय राहवलं नाही.

बडाबाजार_कोलकाता
मी आटपाडीचा, आमचं दुकान इथंच. इकडची बाजू मी सांगतो.

पहिलं, विमान सकाळी नऊच्या आधी पोचणारं घेऊ नका. डिसेंबर जानेवारीत इथं पहाटे धुकं पडतंय, दिसेनासं झालं की विमान वरच घिरट्या घालतंय, नाहीतर दुसरीकडं वळवतात. दुपारी आकाश स्वच्छ असतंय. हेच जर चैत्र-वैशाखात येणार असता तर उलटं सांगितलं असतं, तेव्हा दुपारनंतर कालबैसाखीची वादळं उठतात आणि संध्याकाळची विमानं लटकतात, तेव्हा सकाळचंच घ्यावं.

दुसरं, घड्याळ एकच असलं तरी सूर्य वेगळा असतोय हे आईला आधीच सांगून ठेवा. पुण्यापेक्षा कोलकाता साडेचौदा रेखांश पूर्वेला, एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे अठ्ठावन्न मिनिटं. डिसेंबरात इथं पाचच्या आधी सूर्य बुडतोय. आपल्या विट्यात तेव्हा माणसं वैरण घेऊन रानातनं घराकडं यायची असतात. नवख्या म्हाताऱ्या माणसाला वाटतंय रात्र झाली, उशीर झाला, जीव घाबरतोय. आमच्या आईला सुरुवातीला हेच व्हायचं. म्हणून तीन-साडेतीनपर्यंत उतरणारं विमान सगळ्यात बरं, उजेडातच विमानतळाबाहेर पडता.

दमदम विमानतळ ते बडाबाजार पंधरा-सोळा किलोमीटर, टॅक्सीनं पाऊण तास ते दीड तास, बाजाराच्या वेळेला शेवटचे दोन किलोमीटरच जीव खातात. ऑगस्ट २०२५ पासून विमानतळावर मेट्रो आलीय, जय हिंद नावाचं स्टेशन. तिथनं नोआपाडा, नोआपाड्याला गाडी बदलून महात्मा गांधी रोड, की बडाबाजार आलाच. तुम्ही एकटं असाल तर मेट्रोनं या, आईबरोबर टॅक्सी करा. भावाला विमानतळावर यायला सांगा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, दोन्ही विमानतळांवर मिळती. त्यात कमीपणा काय न्हाय, लोहगावची नवी टर्मिनल २०२४ ला चालू झाली ती मोठी हाय, आत चालणं भरपूर. व्हीलचेअरवाल्यांना रांगेत थांबायला लागत न्हाय आणि बरोबरच्या एका माणसालाही सोडतात.

आणि एक महत्त्वाचं, गलाईच्या घरात सामान न्यायची सवय असती म्हणून सांगतो. तेजाब, कुठलंही ॲसिड, विमानात चालत न्हाय, हातातल्या पिशवीत न्हाय आणि बॅगेतही न्हाय. कुणी गाववाल्यानं बाटली दिली तरी घेऊ नका, गुन्हा हाय तो. बेदाणा, हळद, चटणी, भडंग खुशाल आणा, वजन बघा फक्त, साधारण पंधरा किलो बॅगेत आणि सात किलो हातात.

खानापूरकर
सगळ्यांचे मनापासनं आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. कोल्हापूरचं तिला पटलं होतं पण आम्हाला हव्या त्या तारखेला हैदराबादला सहा तासांचा थांबा येतोय, म्हणून पुणंच. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांचं बघितलंय, म्हणजे कऱ्हाडच्या भाऊंच्या हिशेबानं पहाटे पाचला घर सोडायचं, आणि फलटणच्या रस्त्यानं जायचं कारण त्या वेळेला कात्रजला ऐन गर्दीत सापडू. तीन-साडेतीनला कोलकाता, पाच-साडेपाचला भावाच्या घरी. एकूण साडेबारा तास होतील, त्यातलं विमान पावणेतीन.

एक राहिलं, गुवाहाटीला पण आमचे मामा हायत, तिथनं पुढं आईला तिकडंही जायचं मनात हाय. तेही कुणी सांगा.

धावपट्टी_२८
कोलकाता ते गुवाहाटी सरळ रेषेत ५०० किमीच्या आसपास, जेट विमान एक तास दहा-पंधरा मिनिटांचं तिकीट दाखवतं. बघा, अंतर तिपटीने कमी झालं पण वेळ तिपटीने कमी झाला नाही, कारण चढणं, उतरणं आणि जमिनीवरचं फिरणं तेवढंच राहतं. पुण्यातून गुवाहाटी सरळ धरलं तर दोन हजार किमी. आणि तिकडे सूर्य कोलकात्याच्याही आधी मावळतो, डिसेंबरात साडेचारलाच. आसामातल्या चहाच्या मळ्यांत तर घड्याळ एक तास पुढे ठेवतात, बागान टाइम म्हणतात त्याला, पण विमानाच्या तिकिटावर सगळीकडे आपलीच भारतीय वेळ असते, त्यामुळे तिथे गोंधळ नाही.

तुमच्या बारा-चाळीसच्या विमानाचं आधीचे आठ-दहा दिवस फ्लाइटरडारवर (विमान कुठे आहे ते दाखवणारी साइट) बघत जा, किती वाजता हललं, किती वाजता टेकलं ते रोजचं कळतं. तिकिटावरच्या वेळेपेक्षा तोच आकडा भावाला सांगा, म्हणजे ते विमानतळावर वेळेत येतील.

बडाबाजार_कोलकाता
आणि आईला खिडकीची जागा घेऊ नका, मधल्या वाटेची घ्या, उठून पाय मोकळे करता येतात. लोणचं आणणार असाल तर ते हातातल्या पिशवीत घेऊ नका, तपासणीला काढून ठेवतात. खालच्या बॅगेत घट्ट झाकणाच्या डब्यात, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या.